खालापूर टोलनाक्याचे उंटवाले पूर्वज

शेती नाही, बारमाही नदी नाही, चहूकडे खडक आणि वाळू, तरी तिजोरी भरलेली! कादंबरीतलं राज्य वाटावं असं नबाती लोकांचं राज्य दोन हजार वर्षांपूर्वी खरंच होतं. राजधानी पेट्रा, आजच्या जॉर्डनमध्ये. अरबस्तानातला धूप आणि बोळ, शिवाय पूर्वेकडून आलेला माल उंटांवर लादून भूमध्य समुद्राकडे न्यायचा, हा त्यांचा धंदा.

त्यांचे कायदे तर अफाट. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, सुरुवातीच्या नबातींना धान्य पेरायला, झाडं लावायला, घर बांधायला आणि दारू प्यायला बंदी होती. मोडली तर थेट मृत्युदंड! घरदार झालं की माणूस बलदंडांच्या मुठीत सापडतो, हे कारण. पुढे मात्र पक्की दगडी घरंही आली आणि दारूही. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, तेरा-तेरा जणांच्या पंगती बसत, सोबत दोन गायिका, आणि अकरा पेल्यांवर कुणी पीत नसे. (अकरा म्हणजे संयमच म्हणायचा!) ज्याची मालमत्ता घटली त्याला सरकारी दंड, वाढली त्याला मान. हा कायदा आपल्याकडे आला तर सोयरिकीचं लग्न उरकून बसलेला अख्खा तालुका दंड भरत बसेल.

आता टोल. दक्षिण अरबस्तानातून गाझापर्यंत उंटांचे 65 मुक्काम. रोमन लेखक प्लिनीने खर्चच मांडलाय: इथे पाण्याचे पैसे, तिथे चाऱ्याचे, पुढे मुक्कामाचे, मग नाकी. समुद्रकिनारा गाठेपर्यंत एका उंटामागे 688 दिनार! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खालापूरला पाकीट काढताना कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बरं, आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. सोपारा-कल्याणला उतरलेला माल उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाट चढून घाटावर जायचा. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावं वाचली तर बाजारपेठच उभी राहते: अत्तरवाला सिंहदत्त आहे, सामी नावाचा सुतार आहे, चक्क यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. राजकारणही बाजारातलंच. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेनुसार कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात प्रतिस्पर्धी भडोच बंदराला नेली जात. गिऱ्हाईक पळवण्याची ही जुनी रीत!

उंटांची मिजास शेवटी उतरवली ती आपल्या पावसाच्या वाऱ्याने. रोमनांची जहाजं जुलैत इजिप्तहून निघून नैऋत्य मोसमी वाऱ्यावर थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागू लागली. म्हणजे कर्जतजवळच्या कडावात भातलावणी चालू असायची, तेव्हा तोच वारा तिकडे शिडांत भरलेला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खननात भारतीय सागवान सापडलंय, भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरीही सापडली, आणि 2022मध्ये तर बुद्धमूर्ती! नबातींचं राज्य तर इ.स. 106मध्ये रोमच्या सम्राट ट्रेजनने गिळलं.

पेट्राची खजिना नावाची भव्य दर्शनी भिंत आणि राजमाचीच्या पायथ्याची आपली कोंडाणे लेणी, दोन्ही डोंगर कोरूनच केलेली. तिथल्या खजिन्यावर कारागिराचं नाव नाही. कोंडाण्यात मात्र एका कोरीव शिराशेजारी ब्राह्मीत नोंद आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. कर्जतहून कोंदिवड्याला जा, तिथून पायवाट धरा आणि बघून या. पावसाळ्यात घसरडं असतं, तेवढं जपा.