खेळाडूंची कार्डे : व्यापार की सट्टा?

अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या एका लिलावात तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला १ कोटी २६ लाख डॉलर एवढी किंमत आली. त्या तुकड्यावर मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचे रंगीत चित्र होते. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली बबलगमच्या पुडीबरोबर ते मुलांच्या हाती अवघ्या काही सेंटांत दिले होते. त्या वर्षीची न खपलेली कार्डे वखारीत पडून राहिली आणि अखेर १९६० च्या सुमारास ती बार्जवर लादून अटलांटिक महासागरात बुडविण्यात आली, अशी हकीकत ही कार्डे तयार करणारे साय बर्गर यांनीच सांगून ठेवली आहे. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून जलसमाधी दिली गेली, त्याच मालाचा एक उरलासुरला नग सत्तर वर्षांनी राजवाड्याच्या किमतीला जावा, ही गोष्ट कोणाही तरुणाला भुरळ पाडील यात शंका नाही.

ही भुरळ आता आपल्याकडेही पोहोचली आहे. टॉप्स आणि पानिनी या परदेशी कंपन्यांची क्रिकेटची व फुटबॉलची कार्डे गेली काही वर्षे भारतातही विकली जात आहेत. अशा वेळी शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेतील एखाद्या पदवीधराने नोकरीच्या रांगेत उभे राहण्याऐवजी वडिलांच्या दुकानाचा एक कोपरा मागून घेतला आणि तेथे खेळाडूंची कार्डे विकावयास मांडली, तर त्याची थट्टा करून भागणार नाही. थोड्या भांडवलात होणारा हा धंदा आहे; माल जागा अडवीत नाही, नासत नाही आणि टपालाने देशभर पाठविता येतो. तथापि, हा तरुण नेमके काय विकणार, याचा विचार त्याने आणि त्याच्या वडिलधाऱ्यांनी आधी केला पाहिजे. कागद विकणार, नशीब विकणार, की आठवण विकणार? या तिन्हींचा बाजार एकच दिसत असला, तरी त्यांची अखेर एक नाही.

टंचाई आणि तिचे नाटक

या कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. पाकीट चेपू नये म्हणून आत घातल्या जाणाऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तोच छाप मागते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढे आपले रणजितसिंहजीही इंग्लंडमधील अशा कार्डांवर झळकले. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हा ही प्रथा तेथे थांबली. इटलीतील मोदेना येथील पानिनी बंधूंनी १९६१ पासून फुटबॉलपटूंच्या चित्रांचा व्यवसाय वाढविला आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून त्यांचे संग्रहपुस्तक जगभर गेले. आपल्याकडेही बबलगमच्या पुडीतील क्रिकेटपटूंची चित्रे आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळली जाणारी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आज चाळिशीत असलेल्यांना आठवत असतील. ती कोणी जपून ठेवली नाहीत, कारण ती जपावयाची वस्तू आहे असे कोणाला वाटलेच नाही. आणि नेमके याच कारणाने जगात जुन्या कार्डांना किंमत आली.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मॅन्टलचे कार्ड महाग झाले ते मुलांनी ती कार्डे खेळून फाडली म्हणून. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ च्या सुमाराचे कार्ड आज हातांवर मोजण्याइतके उरले आहे, कारण त्याची छपाईच लवकर थांबविण्यात आली. ही टंचाई कोणी ठरवून केलेली नव्हती. पण १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लोकांना या किमतींचा सुगावा लागला आणि बापलेक मिळून खोकीच्या खोकी विकत घेऊन माळ्यावर टाकू लागले. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, ही त्यामागची आशा. कंपन्यांनीही मागणी पाहून छापखाने रात्रंदिवस चालविले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. प्रत्येकाने जपले म्हणून काहीच दुर्मीळ उरले नाही आणि त्या काळातील बहुतेक मालाला आज रद्दीपलीकडे फारशी किंमत नाही. जी वस्तू सर्वांनी नफ्यासाठी जपून ठेवली, तिच्यावर नफा कोणालाच होत नाही, हा या धंद्याचा पहिला धडा होय.

आजच्या कंपन्या हा धडा शिकल्या आहेत, पण वेगळ्या रीतीने. त्यांनी टंचाईच छापावयास घेतली आहे. एखाद्या कार्डावर क्रमांक घालून त्याच्या मोजक्याच प्रती काढावयाच्या, त्यावर खेळाडूची सही घ्यावयाची आणि ते हजारो साध्या पाकिटांत कोठे तरी दडवावयाचे. समजा, एक पाकीट शंभर रुपयांचे आहे, त्यात पाच कार्डे आहेत आणि शंभर पाकिटांत एखादे कार्ड दोन हजारांना जाणारे निघते. बाकीची ४९९ कार्डे पाच-पाच रुपयांना गेली असे धरले, तरी दहा हजारांच्या खरेदीतून हाती साडेचार हजारही येत नाहीत. या व्यवहारात पाकीट फोडणारा मुलगा खरोखर कार्ड विकत घेत नसतो, तो सोडत विकत घेत असतो. सोडतीच्या तिकिटावर निदान ते सोडतीचे तिकीट आहे असे छापलेले तरी असते.

सन २०२१-२२ मध्ये आपल्या देशात याच व्यवहाराची संगणकीय आवृत्तीही निघाली. खेळाडूंची न दिसणारी, केवळ पडद्यावरची कार्डे विकली गेली. ती मुळीच दुर्मीळ होती की नाही, हे विचारण्यासही कोणाला सवड नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर आला आणि जगभरातील या बाजाराचा ज्वरही लवकरच उतरला. ज्यांनी शेवटी खरेदी केली, त्यांच्या हाती पुठ्ठ्याचा तुकडाही राहिला नाही.

शाहूपुरीची जुनी शिकवण

शाहूपुरीतील व्यापाऱ्याला हे सारे परक्या देशातील पुराण वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरला १८९१ साली आगगाडी आली आणि १८९५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी ही पेठ वसविली. गुळाच्या व्यापाराने तिला नाव मिळवून दिले. गुळाच्या सौद्यात माल उघड्यावर असतो, त्याचा रंग, कण आणि कठीणपणा पाहून प्रत ठरते आणि बोली सर्वांच्या देखत लागते. झाकलेली ढेप कोणी नशिबावर विकत घेत नाही. पेठेचा लौकिक वाढला तो या उघडेपणामुळे. अमेरिकेतही कार्डांचा व्यापार स्थिरावला तो प्रतवारी करणाऱ्या संस्था निघाल्यानंतरच. १९९१ साली सुरू झालेली पीएसए ही त्यांतील प्रमुख संस्था होय. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची मांडणी तपासून ती एक ते दहा अशी प्रत देते. गुळाच्या अडतीत वाढलेल्या माणसाला यात नवे काहीच नाही.

तेव्हा शाहूपुरीत असे दुकान निघावयाचे असेल, तर ते सुट्या कार्डांचे असावे. माल काचेखाली उघडा, प्रत्येक कार्डावर प्रत आणि भाव लिहिलेला, आणि त्याच दुकानात ते कार्ड परत घेण्याचा भावही शेजारीच लावलेला. विक्रीचा भाव मोठ्याने सांगणारा आणि खरेदीच्या वेळी खांदे उडविणारा दुकानदार या धंद्यात फार दिवस टिकत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक हेच त्याला माल पुरविणारेही असते. बंद पाकिटे ठेवावयाचीच झाली, तर ती शाळकरी मुलांना किती द्यावयाची याची मर्यादा दुकानदाराने स्वतःच घालून घ्यावी. कोल्हापूरचा पावसाळाही विसरून चालणार नाही. दमट हवेत पुठ्ठा वाकतो, चकाकीची कार्डे एकमेकांना चिकटतात आणि दहाची प्रत एका आषाढात पाचावर येते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, घट्ट झाकणाचे डबे आणि ओल शोषणाऱ्या पुड्या यांचा खर्च भांडवलात धरावाच लागेल. सरकारी बाजू त्या मानाने सोपी आहे. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत. थोडे नोकर असलेल्या दुकानाला २०१७ च्या राज्य कायद्यानुसार केवळ सूचना द्यावी लागते. आणि मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत व राज्यापुरती असेल, तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल विकावयाचा झाला, तर मात्र हा नियम बदलतो.

आपले खेळाडू, आपली कार्डे

परंतु परक्यांची कार्डे आणून विकणे एवढ्यावरच हा विचार थांबला, तर कोल्हापूरने स्वतःवर अन्याय केला असे म्हणावे लागेल. कार्डाच्या पुढच्या बाजूला चित्र असते, मागच्या बाजूला कथा असते आणि मोल येते ते मागच्या बाजूला. या नगरीकडे मागच्या बाजूंचा केवढा ठेवा आहे! भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ धावांच्या विक्रमाला ते नऊ धावांनी मुकले. त्यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले ते कोल्हापुरात. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. गंमत अशी की, मॅन्टलचे ते कार्ड छापले गेले तेही याच वर्षी. अमेरिकेने आपल्या खेळाडूचा पुठ्ठा कोट्यवधींना विकत घेतला. आपण आपल्या ऑलिंपिकवीराला अर्जुन पुरस्कार दिला तो १९८४ मधील त्याच्या मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर.

पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी राही सरनोबत, २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणणारा राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसळे, अशी ही मालिका आजपर्यंत अखंड चालत आली आहे. तिच्या जोडीला १९१२ पासूनचे खासबाग मैदान आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींची ईर्ष्या जागविणारे फुटबॉलचे हंगाम आहेत. एकेका हंगामातील संघांची कार्डे मोजक्या प्रतींत, प्रतींची संख्या उघड छापून काढली, तर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा कोणता पाठीराखा ती घेणार नाही? हे गिऱ्हाईक नफ्याच्या आशेने येणार नाही, ते आपुलकीने येईल, आणि म्हणूनच भाव पडला तरी पळून जाणार नाही.

अर्थात येथेही सचोटी लागते. खेळाडूचे चित्र छापावयाचे, तर त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची लेखी संमती घ्यावी आणि विक्रीतील वाटा ठरवून द्यावा. कायदा या बाबतीत अजून पुरता स्थिरावलेला नाही. खेळाडूंच्या संगणकीय कार्डांच्या एका वादात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, सर्वांना उपलब्ध असलेली माहिती वापरण्यास अंतरिम मनाई करण्याचे नाकारले. पण जे कायद्याने कदाचित खपून जाईल ते पेठेत खपेलच असे नाही. छायाचित्राचा हक्क तर वेगळाच असतो. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो, तेव्हा जुन्या छायाचित्रकारांचे वारस शोधणे हेही या दुकानदाराचे काम ठरते.

आणि येथेच या छोट्या धंद्याचे मोठे महत्त्व दिसते. कार्डाच्या मागे चार ओळी छापण्यासाठी धावा, कुस्त्या, गोल आणि तारखा पडताळाव्या लागतात. कोल्हापूरच्या क्रीडेचा इतिहास तालमींच्या भिंतींवरील धुरकटलेल्या तसबिरींत आणि वृद्धांच्या स्मरणात आहे. तसबिरी वाळवी खाते आणि वृद्ध आपल्यातून जात आहेत. तालमींनी, क्रीडा संघटनांनी आणि शिवाजी विद्यापीठाने आपली दप्तरे अशा कामासाठी उघडी करावीत. ज्याला दुकान चालवावयाचे आहे तो ती पोटासाठी का होईना चाळील, पडताळील आणि जपील. नशिबाची पाकिटे विकणारी दुकाने कोणत्याही गावात निघू शकतात व तितक्याच लवकर बंदही होतात. आठवणींचा सौदा उघड्यावर, प्रत सांगून आणि भाव लावून करणारे दुकान मात्र शाहूपुरीलाच शोभेल, आणि त्याच्या गल्ल्यात चार पैसे कमी पडले तरी नगरीच्या खात्यावर काही तरी जमा झालेले असेल.