प्रयोग आणि पृच्छा : पायथन भाषा शिकण्याची रीत

संगणकास आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा रचल्या गेल्या, त्यांपैकी पायथन ही शिकण्यास सुलभ अशी भाषा होय. गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या अखेरीस तिच्या रचनेस आरंभ केला व १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. या भाषेत एक ओळ लिहिताच तिचे उत्तर समोर येते. यास्तव, पाण्यात उतरल्यावाचून जसे पोहता येत नाही, तशी ही भाषाही नुसत्या वाचनाने येत नाही.

समजा, शिक्षकाने सातचा पाढा लिहिण्याची आज्ञा दिली व ‘रेंज’ या शब्दापुढील कंसात १ आणि १० हे अंक घातले. पाढा ‘सात नवे त्रेसष्ट’ येथेच थांबतो. कारण कंसातील शेवटची संख्या मोजणीत धरली जात नाही. १० च्या जागी ११ घालताच ‘सात दाहे सत्तर’ उमटते. अशा वेळी एका खेपेस एकच बदल करावा आणि उत्तर काय येईल, हे आधी मनाशी ठरवावे.

चूक झाल्यास संगणक बहुधा ओळीचा क्रमांक व चुकीचा प्रकार सांगतो. परंतु काही चुका मुक्या असतात. ‘इनपुट’ या आज्ञेने घेतलेले गुण ही भाषा संख्या न मानता अक्षरे मानते. त्यांचा उतरता क्रम लावल्यास ९ गुणांचे मूल पहिले, ३५ गुणांचे दुसरे आणि १०० गुणांचे शेवटचे येते. कारण अक्षरांची तुलना डावीकडून एकेक करून होते. ‘इंट’ या आज्ञेने गुणांचे संख्येत रूपांतर केले, म्हणजे क्रम सुधारतो. अन्यथा मुलावर अन्याय होतो आणि संगणक मात्र काहीच बोलत नाही. म्हणून प्रथम दोनतीन मुलांचे गुण घेऊन क्रम हाताने पडताळावा.

अशी चूक नवशिक्यास सहसा उमगत नाही. जाणत्या सहकाऱ्यास ती तत्काळ दिसते. त्यास नुसते ‘चालत नाही’ असे सांगू नये. लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा दाखवाव्यात. अपेक्षित उत्तर, आलेले उत्तर आणि स्वतः केलेले प्रयत्न सांगावेत. पुष्कळदा प्रश्न नीट मांडतानाच चूक सापडते. मिळालेले उत्तर केवळ उतरवून न घेता स्वतः करून पाहावे.

विचारण्यात कमीपणा नाही. जो शिक्षक स्वतः विचारून शिकतो, त्याच्या वर्गातील मुलेही निःशंकपणे विचारू लागतात.