कामाची जागा, भाग 5 : पन्नास किलोची गोणी

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की हमालांच्या पाठीला उसंत नसते. दोघं गोणी धरून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, तो फळीवरून ट्रकमध्ये चढतो आणि थप्पी लावतो. पन्नास किलोच्या शंभर गोण्या म्हणजे पाच टन, आणि ते सगळं माणसाच्या मणक्यावरून जातं. शिरूरच्या बाजारात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतही माल चढवणारी-उतरवणारी पाठ माणसाचीच.

पाठ का जाते, हे नीट समजून घेऊ. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण 5 सेंटिमीटरवर असतात. वीस किलोचं खोकं मणक्यापासून 50 सेंटिमीटर लांब धरलं, तर ते तोलायला स्नायूंना दहापट, म्हणजे दोनशे किलोंचा ताण द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. हा सगळा दाब कमरेच्या खालच्या चकतीवर येतो. तेच खोकं 25 सेंटिमीटरवर आणलं की ताण निम्मा होतो. म्हणून ओझं पोटाशी घ्यायचं आणि वळताना कंबर न पिळता पावलं वळवायची.

‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ असा फलक बहुतेक कारखान्यांत असतो. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. फुगलेली गोणी गुडघ्यांच्या मध्ये मावतच नाही. ती जमिनीवरून उचलायची वेळच येऊ नये, असा कमरेच्या उंचीचा ओटा हवा.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 34 नुसार इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावता येत नसे. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत एकट्याने उचलायची मर्यादा पुरुषाला 55 आणि स्त्रीला 30 किलो ठरवली होती. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात मात्र सगळं अनुकूल असतानाही 23 किलोच धरले आहेत. आपली गोणी त्याच्या दुपटीहून जड.

गोणीचं वजन माणसंच ठरवतात. युरियाची 50 किलोची गोणी 2018 मध्ये 45 किलोची झाली. हेतू खताचा वापर घटवण्याचा होता, तरी हमालाच्या पाठीवरचे पाच किलो उतरलेच. वजन घटवताना एक काळजी घ्यायला हवी : वाराई, म्हणजे चढ-उतारीची मजुरी, गोणीमागे नव्हे, क्विंटलमागे ठरावी. नाहीतर खेपा वाढतील आणि मजुरीवर घासाघीस सुरू होईल. महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे, तेव्हा हा हिशोब माथाडी मंडळांनी आणि बाजार समित्यांनी एकत्र बसून करावा.

कमरेची कळ पायात उतरली, पाय बधिर झाला तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आणि तुमच्या गोदामात ओटा किंवा ढकलगाडी नसेल, तर ती मागणी मुकादमाकडे उद्याच लेखी द्या.