अंगणातील जीप

सातारा, नाशिक, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याच्या परसात, गोठ्याच्या पत्र्याखाली किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, चाके मातीत रुतलेली आणि बोनेटवर चिंचेचा पाला साचलेली एखादी जीप आजही दृष्टीस पडते, आणि भंगारवाला येता-जाता तिच्या मालकाला वजनावर भाव सांगून जातो. असली गाडी भंगारात जाऊ न देता, आपल्याच अंगणात, चार मित्रांच्या हातांनी, सुट्टीच्या दिवशी पूर्णपणे खोलून पुन्हा उभी करणाऱ्या माणसांचा एक लहानसा संप्रदाय आपल्याकडे निर्माण झालेला आहे. त्यात बँकेतील कारकून असतो, महाविद्यालयातील अध्यापक असतो, द्राक्षबागाईतदार असतो, सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार असतो; आणि पाना हाती घेतला की यांच्यातील हुद्द्याचा व वयाचा भेद उरत नाही. या उद्योगाला रिकामपणाचा छंद म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बिघडलेली वस्तू टाकून न देता तिचे अंतरंग उघडून पाहण्याची व ती दुरुस्त करण्याची जी विद्या आपल्या गावोगावच्या कारागिरांनी सांभाळली, तिला आज जी थोडी आश्रयस्थाने उरली आहेत त्यांतील हे एक होय. आणि हे स्थान जीपच्याच वाट्याला यावे यात नवल नाही, कारण वेळप्रसंगी रस्त्याकडेला उघडता यावी याच हेतूने ती घडविली गेली.

१९४० साली अमेरिकेच्या सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली, तेव्हा बॅन्टम नावाच्या एका छोट्या कारखान्यासाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने तिचा आराखडा तयार केला; परंतु महायुद्धाची प्रचंड गरज भागविणे त्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे हे काम विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले, आणि १९४५ पर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलीसचे मुख्य अभियंते डेल्मर रूस, ज्यांना सारे बार्नी म्हणत, यांनी कंपनीचे जुने ४८ अश्वशक्तीचे चार सिलिंडरी इंजिन सुधारून ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. २१९९ घन सेंटिमीटरचे ते इंजिन दिसायला साधे व ओबडधोबड. परंतु त्याचा प्रत्येक भाग हाताला लागेल अशा जागी बसविलेला. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या गाडीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट होती. दोन लांब तुळ्या व त्यांना जोडणारे आडवे सांधे एवढीच जिची चासी, चासीवर बोल्टांनी कसलेला पत्र्याचा उघडा सांगाडा, चार पाटे, दोन ॲक्सल आणि पुढे दुमडून बोनेटवर निजविता येणारी काच, अशी ही गाडी मोजक्या हत्यारांनी सुटी होते. यंत्राची इतकी मोकळी, काही न लपविणारी रचना माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

मुंबईशी तिचा संबंध जडला तो युद्ध संपल्यानंतर. २ ऑक्टोबर १९४५ रोजी कैलाशचंद्र व जगदीशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत पेढी स्थापन केली. अमेरिकेत असताना कैलाशचंद्रांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली होती, आणि भारतातील कच्च्या रस्त्यांना हीच गाडी योग्य, अशी त्यांची खात्री पटली होती. पुढे फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ मध्ये पेढीच्या नावातील ‘महंमद’ जाऊन तेथे दुसरे ‘महिंद्रा’ आले. १९४९ साली माझगावात पहिल्या ७५ जीपगाड्या जोडल्या गेल्या, त्या सुट्या भागांच्या रूपाने पेट्यांतून समुद्रमार्गे आलेल्या होत्या. आज अंगणात जे मित्र गाडीचे भाग पोत्यावर मांडून पुन्हा जोडतात, ते एका अर्थी माझगावच्या त्या पहिल्या कामगारांचेच काम करीत असतात.

आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे उंच बोनेटाची ‘सीजे-३बी’. विलीसने १९५३ च्या सुमारास या गाडीत हरिकेन इंजिन बसविले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी व्यवस्था असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि बोनेट उचलून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. इकडे मात्र तिचा वंश पुढे कित्येक वर्षे चालू राहिला, तिला पुढे डिझेल इंजिने मिळाली, आणि ‘एमएम ५४०’ सारख्या तिच्या वंशजांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचे इंजिन वापरले. याच घराण्याबाहेरची, पण याच मित्रमंडळींच्या प्रेमाची दुसरी गाडी म्हणजे जोंगा: निसानच्या परवान्याने जबलपूरच्या सरकारी कारखान्यात सैन्यासाठी बांधलेली, सहा सिलिंडरांची, जवळजवळ चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. तिची भूक पुरविणे सामान्य माणसाचे काम नव्हे. तथापि तिच्या लोखंडाचा भरीवपणा पाहिला की मन मोहून जाते.

या गाड्या गावोगावी पोचल्या त्या बव्हंशी सरकारी अंमलामुळे. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समुदाय विकास योजना सुरू झाली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कारभार पाहू लागल्या; तेव्हापासून गटविकास अधिकाऱ्याची जीप हा ग्रामीण जीवनाचा परिचित भाग झाला. लस टोचणारे डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे ओव्हरसिअर, मामलेदार, वनाधिकारी, सारे तिच्यातूनच दौऱ्यावर निघत. वापराची मुदत संपली की दप्तरी निर्लेखनाचा हुकूम निघे, कचेरीच्या आवारात लिलाव होई, आणि ती जीप एखाद्या बागाईतदाराकडे किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडे जाई. आज परसात सापडणाऱ्या कित्येक गाड्यांच्या दाराजवळ रंगाचे थर खरवडले असता तळाशी जुन्या खात्याची अक्षरे उमटतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. हे काम एकट्याने करावयाचे नाही, हे ही गाडी स्वतःच शिकविते. वरचा सांगाडा चासीवरून उचलायचा तर चार कोपऱ्यांना चार माणसे लागतातच; इंजिन चेनकप्पीने उचलून खाली उतरवताना एकाने साखळी सांभाळायची, दुसऱ्याने तोल धरायचा आणि तिसऱ्याने खाली वाकून क्लचचा शाफ्ट सरळ बाहेर येतो की नाही ते पाहायचे; ब्रेकची हवा काढताना एकजण पॅडलवर पाय ठेवून बसतो, दुसरा चाकापाशी आडवा होऊन निपल सैल करतो, आणि ‘दाब, धर, सोड’ या तीन शब्दांवर तासभर दोघांचा संवाद चालतो. या परस्परावलंबनातून जी मैत्री जुळते ती क्लबातील पत्त्यांच्या डावातून जुळत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कामाची बारकाई कशात असते ते सांगण्यासाठी पुढच्या चाकांचे उदाहरण घेतो. जीपच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ गोलाकार भाग असतो, त्यातून चाक फिरविणारा शाफ्ट जातो, आणि त्या गोलाला वरून व खालून किंगपिनच्या बेअरिंगांनी धरलेले बाहेरचे आवरण स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळते. बेअरिंगे झिजली की गाडी एका ठराविक वेगाला पोचताच पुढची चाके अशी काही थरथरू लागतात की चालकाला स्टिअरिंग हातात धरवत नाही. अनेक मिस्त्री अशा वेळी टायरला किंवा स्टिअरिंगच्या डब्याला दोष देतात आणि मालकाला खर्चात पाडतात. खरा इलाज किंगपिनच्या टोपणाखाली असतो. तेथे पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, घातलेल्या असतात. नवी बेअरिंगे बसवून, नमद्याचे सील अद्याप न चढविता, आवरणाच्या बाहूला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून हळूहळू ओढायचे आणि किती ओढीला ते वळू लागते ते वाचायचे. फार सहज वळले तर शिम काढायची, जड गेले तर घालायची. आणि हे करताना वरच्या व खालच्या बाजूची जाडी सारखी ठेवायची, नाहीतर आतल्या सांध्याचा मध्य चुकतो. काढणे-घालणे-ओढणे हा क्रम कित्येकदा चालतो. अखेरीस काटा योग्य खुणेवर स्थिरावतो, आणि त्या क्षणी ग्रीसने माखलेल्या दोन-तीन चेहऱ्यांवर जे समाधान उमटते ते मी पाहिलेले आहे.

ट्रान्स्फर केसचेही असेच. गिअरबॉक्सच्या मागे लागलेल्या या पेटीतून शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही ॲक्सलांना जाते, आणि तिच्यातच चढावाचा हलका गिअर असतो. ‘सीजे-३बी’ मध्ये पहिला गिअर आणि हा हलका गिअर एकत्र टाकला की चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन सुमारे ३७ वेळा फिरते; म्हणून खडकाळ चढणीवर ती माणसाच्या चालीने, पण न अडखळता वर जाते. या पेटीतील मधला शाफ्ट झिजला की तेल गळते आणि गिअर रडू लागतात. कोकणातल्या गाड्यांचा रोग निराळा: युद्धकालीन गाड्यांच्या तळपत्र्याखालील पन्हाळीत लाकडी पट्ट्या बसविलेल्या होत्या, त्या पावसाळ्यात ओल धरतात आणि वरून धडधाकट दिसणारा पत्रा आतून खातात.

घरच्या अंगणात सारेच होत नाही. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडची पातळी, ही कामे बाहेर द्यावी लागतात, आणि येथेच या उद्योगाचे सामाजिक मोल लक्षात येते. पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा बाक देणारा पाटेवाला, न मिळणारी बुशिंग नमुन्यावरून कातून देणारा लेथवाला, ताडपत्रीचे हूड हाताने बेतून शिवणारा कारागीर, यांच्या दुकानांत आज गिऱ्हाईक कमी होत चालले आहे. नव्या गाडीचा भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील सुट्या भागांची दुकाने धुंडाळणाऱ्या या मित्रांमुळे अशा कारागिरांच्या कौशल्याला मागणी राहते. एखादा वृद्ध मिस्त्री केवळ आवाजावरून टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेले आहे ते सांगतो; हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही, आणि त्याच्या हाताखाली बसल्यावाचून ते मिळणारही नाही.

कागदपत्रांची बाजू रुक्ष आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करणारा पस्तावतो. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांचे नूतनीकरण. पेट्रोल महागल्यानंतर असंख्य जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसविण्यात आली, आणि त्यांतील पुष्कळांची नोंद आरसी पुस्तकात झालेली नाही. कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची निराळी तरतूद आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे, मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

या नियमांशी माझे मतही जुळते. अलीकडे जुन्या जीपला अवाढव्य टायर, दिव्यांच्या रांगा आणि चकचकीत नळ्या लावून तिला नटविण्याची हौस वाढली आहे. ती मला मान्य नाही. मोठ्या टायरांनी ॲक्सलवर नसता भार येतो, स्टिअरिंग जड होते, ब्रेक अपुरे पडतात, आणि ज्या अभियंत्यांनी प्रत्येक भागाचे परस्परांशी प्रमाण बसविले होते त्यांचे श्रम वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर लांबी थापून वर रंग मारणे. बाहेरून नवे व आतून निकामी अशा जीपगाड्यांचा अनुभव या देशाने स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांतच घेतला: सैन्यासाठी परदेशातून मागविलेल्या दुरुस्त केलेल्या गाड्यांपैकी १५५ मद्रासला उतरल्या, त्या वापरण्यास अयोग्य ठरल्या, आणि संसदेत त्याचा मोठा गवगवा झाला. गंजलेला भाग कापून तेथे त्याच जाडीचा नवा पत्रा जोडणे, हे एकच प्रामाणिक काम होय. तथापि, तीस-चाळीस वर्षे इमानाने शेतात राबलेले आणि कागदोपत्री रीतसर नोंदलेले डिझेल इंजिन केवळ मूळ नव्हे म्हणून उपटून टाकावे, असेही मी म्हणणार नाही. तोही त्या गाडीच्या आयुष्याचा इतिहास आहे.

वाचकांपैकी कोणाच्या गावी अशी जीप उभी असेल, तर ती वजनावर देण्यापूर्वी चासीवरील क्रमांक खरवडून वाचावा, आरसी पुस्तक किंवा लिलावाची पावती शोधून दोहोंचा मेळ घालावा, आणि तो जमला तर गावातील सर्वांत वयस्कर मिस्त्रीला एकदा घरी बोलावून गाडी दाखवावी. सोबत दोन-तीन मित्र असू द्यावेत, आणि घरातील एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वा मुलगी अवश्य असू द्यावी. पहिला बोल्ट सैल करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.