उदरातले कार्बोलिक

ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने १८६७ साली जखमांवरील कार्बोलिक आम्लाच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्या द्रवाचा उग्र दर्प आणि इस्पितळ यांची जी गाठ बसली, ती जुन्या पिढीच्या नाकातून अद्याप सुटलेली नाही. परंतु जंतूंचा काळ म्हणून ख्याती पावलेले हेच रसायन, अर्थात फिनॉल, आपल्या आतड्यात जंतूच निर्माण करीत असतात, ही सृष्टीची थट्टा फार थोड्यांना ठाऊक असते.

डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनांमधले टायरोसीन नामक अमिनो आम्ल, शोषले जायचे राहून मोठ्या आतड्यात उतरले, की तेथल्या काही जंतूंपाशी असलेले टायरोसीन-फिनॉल-लायेज हे विकर त्याचे फिनॉल करते. यकृत त्यावर गंधकाची मोहोर उठवून त्याचे फिनिल सल्फेट बनविते, आणि मूत्रपिंडे त्याची बाहेर रवानगी करतात. कार्बोलिकचा उपचार झालेल्या रोग्याच्या मूत्रात हा पदार्थ जर्मनीच्या ऑयगेन बाउमानने १८७६ सालीच ओळखला होता. पुढे दीर्घकाळ त्याची नोंद शरीराच्या जावक बारनिशीतच राहिली.

जपानमधील सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली त्याच पदार्थाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मधुमेहाने मूत्रपिंडाची गाळणी सैल पडू लागली म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रावाटे झिरपू लागते. ३६२ मधुमेही रुग्णांच्या तपासणीत असे आढळले, की ज्यांची ही गळती अल्प होती, त्यांची ती पुढील दोन वर्षांत किती वाढेल याची चाहूल रक्तातील फिनिल सल्फेट आधीच देत होते. मधुमेही उंदरांना तो पदार्थ दिला असता गळती वाढली, आणि उपरोक्त विकरास अडविणारे एक संयुग दिले असता ती घटली. या युक्तीचे खरे सौंदर्य असे, की हे विकर मानवी पेशींत नसतेच. तेव्हा जंतूंची सरसकट कत्तल करण्याऐवजी त्यांच्या एका कारखान्याची सनद तेवढी रद्द करावयाची! प्रतिजैविकांचा सढळ मारा पाहिलेल्या मला तरी हा मार्ग अधिक सुसंस्कृत वाटतो.

तथापि उंदरांवरील यशाने हुरळून जाऊ नये, असे बजावणारा एक दाखला याच मुलखात आहे. आतड्यातील अशी विषे शोषून घेणाऱ्या कोळशाच्या गोल कणांना, एएसटी-१२० या औषधाला, जपानात १९९१ साली मंजुरी मिळाली. परंतु मूत्रपिंडविकाराच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले, तेव्हा रोगाची गती त्याने मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. रसायनाचा अपराध संभवनीय ठरणे आणि त्याच्या बंदोबस्ताने रोगी वाचणे, या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. ते माणसांवरील दीर्घ चाचण्यांनीच ओलांडता येते.

ती गळती आरंभी दुखत नाही, की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मधुमेही वाचकाने रक्तातील साखरेवर समाधान न मानता वर्षातून एकदा मूत्रातील अल्ब्युमिनही तपासून घ्यावे.