दोन की तीन?

आमच्या कांदिवलीच्या घरी सर्वेक्षणाची बाई आली. ‘मुलं किती?’ मी म्हटलं, ‘दोन.’ ‘जन्मून गेलेलं एखादं?’ तिने हळूच विचारलं. ‘ते कशाला आता?’ सासूबाई आतून म्हणाल्या. पण मी सांगितलं, ‘तिसरी मुलगी. आठ दिवसांची गेली.’ चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्याबद्दल विचारलं होतं!

जन्मदर, बालमृत्युदर अशाच उत्तरांतून निघतात. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं, पण निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी!

मैत्रिणींनो, कुणी विचारलं तर गेलेलं मूल लपवू नका. आपण लपवलं, तर ते कशाने गेलं हे शोधणार कोण?