कर्नलचे नाव वेगळे, आवृत्ती वेगळी

मागच्या व्याख्यानात आपण डेबियनमध्ये पॅकेज कसे बसते ते पाहिले. आज त्यातल्या एका वेगळ्या पॅकेजकडे, म्हणजे कर्नलकडे वळू. इतर पॅकेजचे बघा, ब्राउझरचे नाव तेच राहते आणि आवृत्ती तेवढी बदलते. कर्नलच्या मात्र नावातच आकडे असतात. असे का?

डेबियन १२ मधले एक नाव घेऊ: ‘लिनक्स-इमेज-६.१.०-१४-एएमडी६४’. यातले ६.१ ही कर्नलची मालिका. शेवटचे एएमडी६४ म्हणजे कोणत्या प्रोसेसरसाठी. मधले ‘.०’ नुसते जागा भरायला आहे, त्यावरून खरी आवृत्ती कळत नाही. राहिला १४. हा एबीआयचा क्रमांक. एबीआय म्हणजे कर्नल आणि त्याला जोडली जाणारी मॉड्यूल यांच्यातला करार. करार बदलला की क्रमांक वाढतो, आणि बाहेरून बांधलेली मॉड्यूल, उदाहरणार्थ एखादा ग्राफिक्स ड्रायव्हर, पुन्हा बांधावी लागतात.

मग खरी आवृत्ती कुठे असते? ती पॅकेजच्या आवृत्तीच्या रकान्यात: ६.१.६४-१. म्हणजे मूळ कर्नल ६.१.६४, आणि हायफननंतरचा १ हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक.

आता मुद्द्याची गोष्ट. डीपीकेजीचा नियम असा, की एका नावाची एका वेळी एकच आवृत्ती बसते. नवी आली की जुनी जाते. कर्नलला हे परवडत नाही. नवा कर्नल सुरूच झाला नाही, तर दुरुस्ती करायची कशावर बसून? म्हणून नावच बदलायचे. नाव वेगळे, म्हणजे पॅकेज वेगळे, म्हणजे जुना आणि नवा शेजारी शेजारी नांदतात. मग ‘नवा आणा’ हे सांगायचे काम कोणाचे? त्यासाठी ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे आकड्याविना नावाचे पॅकेज असते. त्यात स्वतःचा कर्नल नसतो, ते फक्त ताज्या कर्नलकडे बोट दाखवते.

याचे मोल डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. याच ६.१.६४-१ मध्ये एक्स्ट४ फाइलव्यवस्थेतला डेटा बिघडवणारा दोष निघाला. डेबियनने १२.३ चे प्रकाशन थांबवले आणि तूर्त अपग्रेड करू नका असे कळवले. लगेच १० डिसेंबरला १२.४ आले, त्यात ६.१.६६-१, नाव ‘६.१.०-१५’. ज्यांच्याकडे १४ बसून गेला होता, त्यांना ग्रबच्या यादीतून जुना १३ निवडता येत होता. नाव बदलले नसते, तर तो पुसला गेला असता.

इथे एक गफलत हमखास होते. पॅकेज बसले म्हणजे कर्नल बदलला, असे नाही! मशीन रीबूट होईपर्यंत जुनाच चालू असतो. ‘यूनेम -आर’ चालू कर्नलचे नाव सांगते, ‘६.१.०-१४-एएमडी६४’ असे. पण सुरक्षेच्या सूचनेत लिहिलेली असते ६.१.६४-१ अशी आवृत्ती. ती पडताळायला ‘यूनेम -व्ही’ द्यावे, तिथे डेबियनची खरी आवृत्ती दिसते. नुसते नाव पाहून कोड्यात पडायचे कारण नाही. कधी कधी नाव तेच राहून आतली आवृत्ती पुढे गेलेली असते. करार बदलला नसेल तर तसे करायला मुभा आहे. पण अशा वेळी जुना कर्नल शेजारी उरत नाही, तो पुसला जातो, हेही ध्यानात ठेवू.

डेबियन १३ मध्ये ही अडचण बरीच कमी झाली. तिथे नाव ‘६.१२.४१+डेब१३-एएमडी६४’ असे दिसते, म्हणजे मूळ कर्नलचा खरा आकडा नावातच आला.

तेव्हा अपग्रेडनंतर आपण तीन गोष्टी बघू: बसले काय, चालू आहे काय, आणि जुना एक तरी कर्नल शिल्लक आहे ना. तिसरी गोष्ट पाहिल्याशिवाय जुनी पॅकेजे काढायला घेऊ नये.